दिवा मालवा म्हणणाऱ्यांना

शाईफुटकी

परवा अप्पांनी इथं लिहिलं: "नाशिकला गंगापूर रोडवर कथावाचन होतं, गेलो होतो. मधल्या शृंगाराच्या प्रसंगाची दीड पानं मान खाली घालून ऐकली. पूर्वीचे लेखक दिवा मालवायचे आणि वाचकाला सगळं कळायचं. आजकालच्यांना दिव्याचं बटणच सापडत नाही." त्याखाली अंगठ्यांची ही रांग. ती दीड पानं माझी नव्हती हे आधीच सांगते, नाहीतर "दुखलं वाटतं" सुरू होईल. दुखलं मात्र आहे.

दिवा मालवल्यावर वाचकाला नक्की काय कळतं हो? 'झालं' एवढंच. कुणाला हवं होतं, कोण नुसतं पडून होतं, कोण मध्येच थांबलं, कोणाच्या डोक्यात त्या वेळी दुधाचं बिल चालू होतं, यातलं काही कळत नाही. माझ्या एका कथेत लग्न मुरलेलं जोडपं आहे. नवरा दर वेळी आधी उठून दाराची कडी बघतो. एका रात्री बघत नाही. तेवढ्यावरून बायकोला कळतं की हा माणूस मनानं या घरातून कधीच गेलाय. एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, "कथा सुरेख, फक्त तो प्रसंग तीन टिंबांत बसवा." त्याच अंकात कोयत्यानं केलेला खून सव्वा पान चालला होता. त्याला एकही टिंब नाही.

माझा हिशेब सरळ आहे. खोलीत शिरलेली माणसं बाहेर येताना जशीच्या तशी असतील, तर प्रसंग खुशाल कापा. पण मग त्याच कात्रीनं मराठी कथेतले निम्मे चहापोह्यांचे प्रसंगही कापा.

अप्पा_तिळभांडेश्वर

शाईताई, मी न बोललेलं माझ्या तोंडी घालू नका. बंदी घाला असं मी म्हटलेलं नाही. मान खाली घालावी लागली असं म्हटलं. शेजारी सून बसली होती हो! घरी एकट्यानं वाचणं वेगळं आणि माइकवरून दीडशे खुर्च्यांना ऐकवणं वेगळं.

आणि तुमची ती कडी. ती तर दिवा मालवण्याआधीच राहिली ना लावायची? बाईंना कळलं, आम्हालाही कळलं. आता मालवा. पुढचं पान कशासाठी? तुमचाच साक्षीदार माझ्या बाजूनं बोलतोय.

शाईफुटकी

पुढचं पान, कळल्यावर ती काय करते त्याचं आहे. कळूनही ती त्याला थांबवत नाही, उलट स्वतः जवळ ओढते. का, ते तिलाही धड कळत नाही. कथा तिथं आहे अप्पा, कडीत नाही.

अप्पा_तिळभांडेश्वर

हं. हे एक वाक्य झालं. चांगलं आहे. पण वाक्य. पान नव्हे.

रोखठोक_नाशिकरोड

काय भो, एवढं तत्त्वज्ञान! सरळ सांगा ना, असलं टाकलं की खपतं. ॲपवरच्या कथामालिका बघा. प्रत्येक भाग बेडरूमच्या दारात संपतो आणि पुढचा उघडायचा तर पैसे भरा. साहित्य म्हणे. एकच विचारतो, स्वतःच्या आईला वाचून दाखवाल का?

शाईफुटकी

दाखवली. शेवटपर्यंत ऐकली तिनं. मग म्हणाली, "आपल्या मागच्या दाराची कडी पण नीट लागत नाही, सुताराला सांग." पुढचा प्रश्न?

कॉलेजरोडची_मावशी

आईचं काय घेऊन बसलात, माझ्या सासूबाईंचं ऐका. मुंबईहून परत येत होतो. पुढं हे आणि मी, मागे सासूबाई आणि त्यांची धाकटी बहीण. ह्यांनी माझा फोन गाडीला जोडला आणि मी आदल्या रात्री अर्धवट ऐकलेली कादंबरी आपोआप चालू झाली. नेमकी तिथूनच. कसारा घाट, पुढं कंटेनर, ह्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, मला काही केल्या ते बंद करता येईना. आणि तो वाचणारा बाबा असा काही श्वास घेऊन वाचत होता! मागं चिडीचूप. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "याला दमा आहे का गं?"

हसा. पण मुद्दा आहे. छापील पुस्तकात नको वाटलं तर मी अर्धं पान डोळ्यांनी ओलांडते. ऐकताना ओलांडता येत नाही, निवेदक नेतो तसं जावं लागतं. अप्पांचं दुखणं तेच असावं. तेव्हा लेखकापेक्षा त्या वाचणाऱ्याला धरा.

चष्मा_डोक्यावर

दमा! मावशी, धन्य आहात.

पण मला ना दिव्याशी देणंघेणं आहे, ना माइकशी. मी विचारते, त्या खोलीत बघतंय कोण? वर्षानुवर्षं मराठी कादंबऱ्या वाचतेय. बलात्काराचा प्रसंग येतो आणि लेखक पोलक्याच्या बटणापाशी घुटमळतो. तिच्या डोक्यात काय चाललंय याची एक ओळ नाही. जे दिसतं ते सगळं करणाऱ्याच्या डोळ्यांनी. वाचनालयातल्या जुन्या प्रती तर त्या पानावर आपोआप उघडतात, इतकी ती पानं हाताळलेली. आणि त्याला परीक्षणात 'दाहक वास्तव' म्हणतात! तेव्हा कुणाची मान खाली जात नाही. बाईला सुख होतंय असं कुणी लिहिलं की लगेच सभागृहात सुना आठवतात.

१९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं. त्यात होतं काय? शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींची घुसमट. तेवढ्यावर महाराष्ट्रात वादळ उठलं, आणि विभावरी शिरूरकर हे नाव घेऊन लिहिणारी ही बाई कोण याचा शोध सुरू झाला. प्रश्न दृश्याचा नसतोच अप्पा. कोण लिहितंय याचा असतो.

अप्पा_तिळभांडेश्वर

सुनेवर घसरायचं काम नाही. ती माझ्यापेक्षा जास्त वाचते. बलात्काराच्या वर्णनाबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं, आणि तेही मला ऐकवत नाही. पण 'दाहक' म्हणणारा मी नव्हे. भलत्याचं बिल माझ्या नावावर फाडू नका.

वकील_सीबीएस

थोडा कायदा, कारण 'अश्लील' हा शब्द इथं फार स्वस्तात वापरला जातो. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' आली. खटला झाला, तेव्हाच्या दंडविधानातलं अश्लीलतेचं कलम २९२. मॅजिस्ट्रेटनं सोडलं, हायकोर्टानं दोषी धरून २५ रुपये दंड केला. काकोडकर सुप्रीम कोर्टात गेले आणि १९६९ साली निर्दोष सुटले. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं: कथा सगळी मिळून वाचा, सुटी वाक्यं उचलू नका, आणि नुसता लैंगिक उल्लेख आला म्हणून अश्लील ठरवायचं तर तरुण पोरांना धार्मिक पुस्तकं सोडून काही वाचताच येणार नाही. पुढे २०१४ मध्ये अवीक सरकार प्रकरणात सुट्या उताऱ्यानं कच्च्या मनाचा वाचक बिघडेल का एवढंच बघणारी जुनी ब्रिटिश हिकलिन कसोटीही मोडीत निघाली, आजच्या समाजाचे निकष लावायचे असं ठरलं. म्हणजे कायद्यानं शाईताईंची वाट मोकळी आहे. अडवतोय तो संपादक, आणि त्याच्याविरुद्ध अपील नसतं.

२५ रुपयांसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत! आता असा अशील मिळत नाही. आता 'साहेब, दंड भरून मोकळं करा' म्हणतात.

रोखठोक_नाशिकरोड

कोर्टातून सुटलं म्हणजे संस्कृतीतून सुटलं का? हे खूळ पश्चिमेचं. आपल्या मातीत असलं कधी नव्हतं. कुंभ भरतो इथं, विसरू नका.

प्राकृतप्रेमी

याचीच वाट बघत होतो.

आपली नाशिकची पांडवलेणी कधी चढलात का? तिसऱ्या लेण्यात सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा लेख आहे, नातू पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातला. त्याच घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर गाथासप्तशती आहे. सातशे गाथा, महाराष्ट्री प्राकृतातल्या. त्यातली एक अशी: रतिक्रीडेत शंकरानं पार्वतीचं वस्त्र ओढून घेतलं. तिनं लाजून दोन्ही हातांनी त्याचे दोन डोळे झाकले. तिसऱ्याचं काय करणार? त्यावर ओठ टेकले. आणि कवी त्या चुंबलेल्या तिसऱ्या डोळ्याचा जयजयकार करतो. बोला, कुठल्या पश्चिमेकडून आलं हे? घोटीकडून?

अप्पा_तिळभांडेश्वर

वा! आता कुठं धागा माझ्या अंगणात आला. जोगळेकरांची १९५६ ची गाथासप्तशती माझ्या कपाटात आहे, तेव्हा मला अर्धी गाथा दाखवून फसवता येणार नाही. 'भम धम्मिअ' सोयीस्कर विसरलात. काठावरच्या झाडीत एका बाईची प्रियकराला भेटायची जागा आहे. तिथं एक धर्मशील गृहस्थ रोज फुलं तोडायला येऊन कडमडतो. ती त्याला सांगते, बाबा, आता बिनघोर फिर, तुला त्रास देणारं ते कुत्रं गोदेकाठच्या जाळीत राहणाऱ्या सिंहानं आज मारलं. झाली गाथा! प्रियकर नाही, भेट नाही, चुंबन नाही. तो गृहस्थ पुन्हा पाऊल टाकेल का तिथं? आनंदवर्धनानं ध्वन्यालोक या काव्यशास्त्राच्या ग्रंथात ध्वनीचं, म्हणजे न सांगता सुचवण्याचं, उदाहरण म्हणून हीच घेतली. दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या गंगेवर दिवा मालवता येत होता.

प्राकृतप्रेमी

आनंदवर्धनानं ती घेतली कारण त्याला ध्वनी सिद्ध करायचा होता. संभोग लपवावा असं त्याचं मत होतं म्हणून नव्हे. दोन्ही गाथा एकाच पोथीत सुखानं नांदतात, हा माझा मुद्दा. आणि 'आमच्या गंगेवर' जरा जपून. हालाची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे पैठण. गोदावरी तिथंही वाहते.

अप्पा_तिळभांडेश्वर

पैठणला दाट जाळी आणि सिंह? डोंगर इथं, झाडी इथं, लेख इथं.

प्राकृतप्रेमी

लेख दानाचे आहेत, प्रेमाचे नव्हेत. लेणी असली म्हणून कविताही नाशिकचीच होत नाही. सगळं नाशिकला ओढायची ही सवय. द्राक्षं आमची, राम आमचा, आता सिंहही आमचा.

कॉलेजरोडची_मावशी

सिंहाचं माहीत नाही, बिबट्या मात्र आमच्या मागच्या बंगल्यापर्यंत येऊन गेलाय.

अप्पा_तिळभांडेश्वर

"सवय" हा शब्द मागे घ्या. मी पंचवटीत जन्मलोय.

प्राकृतप्रेमी

मी पैठणला. आता कळलं?

वकील_सीबीएस

हद्दीचा वाद दिवाणी कोर्टात चालतो. मूळ प्रकरण पुकारा.

अंबड_जनरलशिफ्ट

मी इथं लिहीत नाही, नुसतं वाचते. आज लिहिते.

माझं लग्न झालं तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं आणि ह्यांना जे ठाऊक होतं ते पिवळ्या पुस्तकातलं. मित्रांमित्रांत फिरायची ती. त्यातली बाई 'नको' म्हणाली की त्याचा अर्थ हो, पानोपानी तेच. बाकी कुणी काही शिकवलेलं नाही. चांगल्या घरात पुस्तकं होती, पण त्यात दिवा मालवलेला. मग पेटलेला दिवा एकाच ठिकाणी सापडणार ना?

पुढे वाचनालयातून मी एक कादंबरी आणली. नाव सांगत नाही, फार मोठी नाही ती. त्यात नवरा जवळ येतो, बायको आज नको म्हणते. तो रागावत नाही, पण त्याला वाईट वाटतं, आणि ते वाईट वाटणं लेखिकेनं नीट लिहिलंय. मग दोघं अंधारात शेजाऱ्यांच्या भांडणावर बोलत बसतात आणि बोलता बोलता तीच त्याचा हात हातात घेते. पुढचंही आहे. लपवलेलं नाही आणि घाणही नाही. ते पान मी हातानं उतरवून काढलं आणि ह्यांच्या डब्याच्या पिशवीत ठेवलं. संध्याकाळी डबा आला, कागद नव्हता. त्यावर आम्ही आजपर्यंत एक शब्द बोललेलो नाही. पण तेव्हापासून ते विचारायला लागले.

रोखठोक_नाशिकरोड

तुमच्याबद्दल आदर आहे ताई, पण साहित्य म्हणजे लैंगिक शिक्षणाचा तास नव्हे.

चष्मा_डोक्यावर

नाही ना? मग संस्कारवर्गही नव्हे. आईला वाचून दाखवायची परीक्षा तुम्हीच काढली होती. आणि एक बाई पहिल्यांदा तोंड उघडते तेव्हा 'पण' लावल्याशिवाय राहवत नाही का?

रोखठोक_नाशिकरोड

घ्या, आता मीच खलनायक. बरं बाबा, लिहा. सगळे मिळून लिहा. मी ज्ञानेश्वरी वाचतो.

प्राकृतप्रेमी

जरूर वाचा. शृंगाराला कमी लेखणारा संत नव्हता तो, शांतरसाला मात्र शृंगाराच्या वर बसवला. वाचलंत तर कळेल.

अप्पा_तिळभांडेश्वर

अंबडच्या ताई, तुमचं दोनदा वाचलं. त्या कादंबरीत दार लोटलेलं असतं तर तुमच्या हाती उतरवायला काही लागलं नसतं, एवढं मला मान्य करावं लागेल. खुशीनं नव्हे. कारण तुमच्या त्या एका पानामागे शंभर पानं अशी येतात की ज्यांत कुणी काही विचारत नाही, नुसते श्वास मोजतात. परवाची दीड पानं त्यातलीच होती. तिथली माणसं कोण, एकमेकांची कोण लागतात, काही पत्ता नाही. ती उघडी होती म्हणून नव्हे, रटाळ होती म्हणून मान खाली गेली, असं आता वाटतं. सून तर चक्क फोनवर भाजीची यादी करत होती.

शाईफुटकी

मग पहिल्याच दिवशी 'रटाळ' लिहायचं होतं! दिव्याला कशाला मध्ये आणलंत? रटाळ म्हटलं असतं तर पहिला अंगठा माझा असता.

अप्पा_तिळभांडेश्वर

रटाळ लिहिलं असतं तर पाच अंगठे मिळाले असते. असो. तुमचं ते पुढचं पान पाठवा. एका वाक्यात बसवून परत करतो.

शाईफुटकी

पाठवते. बसलं तर कथा टिंबांसकट छापायला देईन. नाही बसलं तर पुढच्या कथावाचनात ते पान माइकवरून तुम्ही वाचायचं.

कॉलेजरोडची_मावशी

तारीख कळवा. सासूबाईंना घेऊन येते.

प्राकृतप्रेमी

पैठणचं उत्तर अजून आलेलं नाही.