शब्दचर्चा : ‘सप्लाय चेन’ला नुसतं ‘वाहतूक’ म्हणावं का?

प्रश्न (कराड) : साखर कारखान्याच्या शेतकी विभागासाठी मराठी माहितीपुस्तिका लिहितोय. ‘सप्लाय चेन’, ‘लॉजिस्टिक्स’ आणि ‘ट्रान्सपोर्ट’ या तिन्हींना मसुद्यात ‘वाहतूक’च लिहिलंय. चालेल का?

उत्तर (वाळवा) : नाही चालणार. वाहतूक म्हणजे उसाच्या फडातून कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत माल नेणं, एवढंच. ‘पुरवठा साखळी’ त्याच्या कितीतरी आधी, लागणीच्या नोंदीपासून सुरू होते. आडसाली (दीडेक वर्षाचं पीक) कधीची, खोडवा (तोडीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) कुठला, हे नोंदीत असतं, त्यावरून तोडीचा क्रम लागतो. मग चिटबॉय तोडीची चिठ्ठी देतो, टोळी फडात उतरते, ट्रॅक्टर लागतो आणि शेवटी गव्हाण, म्हणजे कारखान्यात गाळपासाठी ऊस टाकतात ती जागा.

ही सगळी साखळी उलटीकडून आखतात, म्हणजे गव्हाणीपासून मागे. कारखाना दिवसाला ५००० टन गाळतो आणि दोन ट्रॉल्यांत २० टन ऊस बसतो असं धरा. रोज २५० खेपा आल्या पाहिजेत. एक ट्रॅक्टर दोन खेपा करत असेल तर १२५ ट्रॅक्टर लागतील. पण यार्डात नंबर लागायला उशीर झाला की दुसरी खेप बुडते आणि हिशेब कोसळतो. म्हणून वाहनं वाढवण्याआधी काट्यावरचा खोळंबा बघावा, हे पुस्तिकेत ठळक लिहाच.

अजून एक. तोड दिवसा होते, गाळप रात्रभर चालतं. त्यामुळे संध्याकाळी यार्डात उभी असलेली वाहनं हाच रात्रीचा साठा असतो. तो कमी पडला तर पहाटे ‘नो केन’ होऊन गाळप थांबतं. जास्त झाला तर ऊस वाळतो, वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा असं म्हणतात ते यासाठीच. या साठ्याचा मेळ घालणं वाहतुकीत येत नाही, ते साखळीचं काम आहे. आणि एफआरपीतून (सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दरातून) तोडणी-वाहतूक खर्च कापला जातो, म्हणजे ढिसाळ नियोजनाचा भुर्दंड शेवटी शेतकऱ्यावरच बसतो. शब्द नेमका हवा तो एवढ्यासाठी.

प्रतिसाद (सांगली) : हळदीचं बरोबर उलटं आहे. वाळवलेली हळद थांबू शकते. हरिपूरच्या पेवांत, जमिनीखाली, ती वर्षानुवर्षं राहायची. २००५च्या महापुरात बरीच पेवं निकामी झाली. म्हणजे साखळीत साठवणही मोठा दुवा आहे. ‘लॉजिस्टिक्स’ला काही जण ‘रसद’ सुचवतात, पण रसद म्हटलं की फौजेची शिधासामग्री डोळ्यांपुढे येते. मी तरी ‘लॉजिस्टिक्स’ तसाच ठेवीन आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘साठवण, चढ-उतार व वाहतूक’ असा खुलासा देईन.

प्रतिसाद (मिरज) : ‘खेप’ शब्द जरूर ठेवा. फेरीही तीच आणि फेरीत आलेला मालही तोच, दोन्ही अर्थ एका शब्दात बसतात. एप्रिल २०१६ मध्ये इथून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, तेव्हा पहिली खेप १० वाघिणींची, सुमारे ५ लाख लिटरची होती. पुढे ५० वाघिणींची गाडी सुटू लागली. तिथेही गाडी धावण्याइतकाच प्रश्न इकडे वाघिणी भरण्याचा आणि तिकडे उतरवून घेण्याचा होता. (‘वॅगन’ला ‘वाघीण’ हा रुळलेला शब्द आहे, तोही वापरा.)

प्रश्नकर्ता (कराड) : आभार. मग ‘ट्रान्सपोर्टेशन प्लॅनिंग’ला ‘तोडणी-वाहतूक कार्यक्रम’ लिहू?

उत्तर (वाळवा) : उसापुरतं तेच लिहा. शेतकी खात्यातला माणूस तोच शब्द बोलतो आणि तोड व वाहन एकत्र आखायची असतात हे त्यातून आपोआप कळतं. साखरेची पोती गोदामातून बाहेर जातात त्या प्रकरणात मात्र ‘वाहतूक नियोजन’ लिहा.