बाभळीच्या फलकावर नेमकं कोणतं नाव लिहायचं?

रानपाखरू (प्रश्न)
झाडांचे नामफलक करायचे आहेत. बाभूळ, हिवर, खैर, शिकेकाई आणि कोकणात रस्त्याकडेला दिसणारी ऑस्ट्रेलियन बाभूळ. जुन्या पुस्तकांत बाभळीला 'अकेशिया अरेबिका' म्हटलंय, नंतरच्या पुस्तकांत 'अकेशिया निलोटिका', आणि आता सगळीकडे 'व्हॅचेलिया निलोटिका' दिसतं. यातलं बरोबर कोणतं? आणि नावापुढच्या कंसातली अक्षरं फलकावर घ्यायची का?

पानवही
तिन्ही नावं एकाच झाडाची. पण दोन्ही बदलांची कारणं वेगळी आहेत, आणि ती वेगळी ठेवली तरच गोंधळ सुटतो.

अरेबिकाचं निलोटिका झालं ते अग्रक्रमाच्या नियमाने. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ साली या झाडाला 'मिमोसा निलोटिका' म्हटलं, लामार्कने १७८३ साली 'मिमोसा अरेबिका'. दोन्ही झाडं एकच ठरली की आधीचं जातिनाम, म्हणजे नावातला दुसरा शब्द, टिकतं. (वनस्पतींच्या बाबतीत १ मे १७५३ च्या आधीची नावं विचारातच घेत नाहीत.)

अकेशियाचं व्हॅचेलिया झालं ते वर्गीकरण बदलल्यामुळे. हजाराहून जास्त जातींची (स्पीशीज) ही प्रजाती (जीनस) एका पूर्वजाची नाही, असं डीएनएच्या अभ्यासातून दिसलं, म्हणून ती फोडावी लागली. अशा वेळी मूळ नाव कोणत्या गटाला मिळतं? ज्या गटात त्या प्रजातीचं प्ररूप, म्हणजे नाव जिला बांधलेलं असतं ती जात, असेल त्याला. अकेशियाचं प्ररूप बाभूळच होती. त्या हिशोबाने नाव बाभळीकडे राहायचं, आणि ऑस्ट्रेलियातल्या सुमारे हजार जातींची नावं बदलायची. ते टाळण्यासाठी प्ररूप म्हणून 'अकेशिया पेनिनर्व्हिस' ही ऑस्ट्रेलियन जात नेमायचा प्रस्ताव आला. २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत निम्म्याहून जास्त मतं विरोधात पडली, तरी प्रस्ताव टिकला, कारण नामकरणाच्या समितीने त्याची शिफारस केली होती आणि ती फेटाळायला ६० टक्के मतं लागत होती. २०११ साली मेलबर्नला तोच निर्णय कायम झाला. इतक्या नावांची उलथापालथ टळली हे खरं, पण ग्रीकांनी 'अकाकिया' हा शब्द ज्या इजिप्तच्या काटेरी झाडाला वापरला त्याच्याकडूनच तो गेला, याची रुखरुख मला वाटते.

तेव्हा बाभूळ 'व्हॅचेलिया निलोटिका', हिवर 'व्हॅचेलिया ल्यूकोफ्लिआ', खैर 'सेनेगॅलिया कॅटेचू'. ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र 'अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस'च राहिली. तिचं जे पान वाटतं तो पसरट झालेला देठ असतो.

ओळखायची खूण: व्हॅचेलियात पानाच्या बुडाशी सरळ काट्यांची जोडी आणि फुलांचे गोल गेंद. खैराला आखूड, आकड्यासारखे वाकलेले काटे आणि लांबट तुरे.

सराटा
वरच्या खुणेत एक दुरुस्ती. फुलांवरून ठरवायला गेलात तर शिकेकाईला फसाल. तिचे गेंद गोल असतात, तरी ती सेनेगॅलियाच. काटेच बघा. व्हॅचेलियाचे काटे म्हणजे रूप बदललेली उपपर्णं (पानाच्या बुडाशी दोन बाजूंना येणारी बारीक पानांसारखी अंगं), म्हणून ते पानाच्या बुडाशी जोडीनेच येतात. शिकेकाईचे काटे सालीवरून फुटलेले, वाकडे, खोडावर आणि पानाच्या देठावरही विखुरलेले असतात. जुन्या पुस्तकांतलं 'अकेशिया कॉन्सिना' आता 'सेनेगॅलिया रुगाटा' आहे. तिथेही अग्रक्रमच, फक्त या वेळी लामार्कचं नाव आधीचं, म्हणून तेच टिकलं.

वेडी बाभूळ यादीत आली तर ती या तिन्ही प्रजातींत नाही. 'प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा' हे तिचं जुनं नाव, २०२२ पासून तिला 'नेल्टुमा'त धरतात. शमी मात्र 'प्रोसोपिस सिनेरारिया'च राहिली, कारण त्या प्रजातीचं प्ररूप तीच आहे.

पानवही
सराटा, बरोबर. माझ्या खुणेतला फुलांचा भाग काढून वाचावा.

देठ
आता फलकाचं. सगळ्यात वर मराठी नाव ठळक. खाली वैज्ञानिक नाव रोमन लिपीत, तिरप्या अक्षरांत. प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं, जातिनाम पूर्ण लहान अक्षरांत. जातिनामाचं पहिलं अक्षर मोठं छापणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. तिसऱ्या ओळीत 'पूर्वीचं नाव' म्हणून अकेशिया निलोटिका जरूर द्या, नाहीतर जुनं पुस्तक घेऊन आलेल्याला हे तेच झाड असल्याचं कळणार नाही.

कंसात असतो तो जातिनाम पहिल्यांदा देणारा, आणि कंसाबाहेरचे ते नाव आजच्या प्रजातीत आणणारे. बाभळीच्या कंसातलं एकटं 'एल' म्हणजे लिनिअस. सार्वजनिक फलकावर हे नको. हर्बेरियमच्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या) कागदावर मात्र हवंच, कारण एकच नाव दोघांनी वेगवेगळ्या झाडांना दिलेलं असू शकतं.

कुल (फॅमिली) फॅबेसी लिहा. लेग्युमिनोजी हे त्याचंच दुसरं मान्य नाव. बाभळीचं वेगळं मिमोसेसी कुल आता धरत नाहीत. २०१७ च्या वर्गीकरणात तो गट सीसाल्पिनिऑइडी या उपकुलात गेला.

मराठीतला एक घोळही सांभाळा. वर्तमानपत्रं 'प्रजाती' हा शब्द हिंदीच्या वळणाने जातीसाठी वापरतात. आपल्या वनस्पतिशास्त्रात व्हॅचेलिया ही प्रजाती आणि निलोटिका ही जात.

छापण्यापूर्वी प्रत्येक नाव लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या 'प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' या संकेतस्थळावर टाका. जुनं नाव टाकलंत तरी आजचं मान्य नाव दिसतं. त्याआधी शेंग हातात घेऊन झाड तेच असल्याची खात्री करा. आपल्याकडच्या बाभळीची शेंग राखाडी लवेची, दोन बियांमध्ये आवळलेली, मण्यांच्या माळेसारखी असते. सरूसारखी उभी वाढलेली रामकाठी दिसली तर वेगळी जात समजू नका, ती बाभळीचीच उपजात आहे.

फलक खिळ्याने ठोकू नका. खोडाशेजारी खांब रोवून त्यावर लावा.