काल्पनिक जगातल्या प्रथा खोट्या वाटतात, काय करू?

फँटसी कादंबरी लिहितोय. खाऱ्या वाळवंटातली जमात आहे, सण-लग्नं सगळं लिहून काढलं, पण वाचताना नुसतं नाटकातल्या कपड्यांसारखं वाटतं. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १: सणांपासून सुरुवात केलीस तिथेच गंडलं बघ. आधी त्यांच्याकडे काय कमी आहे ते ठरव. गोडं पाणी दुर्मिळ, मग पाहुण्याला पहिला घोट यजमानाच्याच पेल्यातून, आणि पेला पालथा घातला की भांडण जाहीर, असं सुचत जातं आपोआप.

प्रतिसाद २: +१. आणि सगळे सारखं पाळत नाहीत रे, म्हातारी पेला दोन्ही हातांनी धरते, नातू एका हाताने घटाघटा पितो, का ते दोघांनाही सांगता येत नाही.

प्रश्नकर्ता: पेला ढापतोय हां :) पण पुढे विहीर सापडली तर?

प्रतिसाद १: पेला राहतोच, उलट चांदीचा होतो.