इसिसॉरस माणसाळवायचा आहे: विश्वासाचं गणित, घरटं आणि भिंतीतून जाणारी शेपूट

काळाकातळ:
चार ते सहा जणांनी मिळून खेळायचा सर्व्हायव्हल गेम अनरियल ५ या गेम इंजिनमध्ये बनतोय. काळ क्रेटेशियसचा, म्हणजे डायनासोरांच्या युगाच्या अखेरच्या टप्प्याचा शेवट, प्रदेश लामेटा थरांचा (मध्य व पश्चिम भारतातले त्या काळचे खडक). माणसाळवायचा मुख्य प्राणी चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा इसिसॉरस, टायटॅनोसॉर गटातला अवाढव्य शाकाहारी डायनासोर. बेशुद्ध करून तोंडात चारा कोंबणं नको, सगळं विश्वासावर हवं.

सध्याचे आकडे: लागणारा विश्वास = १०० + ४ × पातळी. दर ३ मिनिटांनी एक घास, गवताचे २ गुण. मादी घरट्यावर बसलेली असताना अंडी खायला आलेला सनाजे साप मारला की २५ गुण. माणसाळल्यावर पाठीवर ४ × २.५ मीटरचं मचाण.

अडचणी दोन. ३० व्या पातळीचा प्राणी चाचणीत कोणीच पुरा करत नाही. आणि प्राणी वळला की शेपूट भिंतीतून आरपार जाते.

घासमोजणी:
पहिल्या अडचणीचं उत्तर तुमच्याच सूत्रात आहे. ३० व्या पातळीला २२० गुण लागतात, म्हणजे गवताचे ११० घास. गुणिले ३ मिनिटं, साडेपाच तास! पातळीचा गुणक ४ वरून १.५ वर आणा (१४५ गुण), घासाचे ५ गुण करा आणि अंतर १५० सेकंद ठेवा. २९ घास, साधारण ७२ मिनिटं. दोघांनी आळीपाळीने केलं तर एका बैठकीत होतं.

पण त्या ७२ मिनिटांत खेळाडूला काही करायलाही हवं. चंद्रपूरजवळच्याच पिसदुऱ्याला मिळालेल्या, टायटॅनोसॉरांच्या मानल्या जाणाऱ्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सिलिकाकण (वनस्पतींच्या पेशींत बनणारे सूक्ष्म कण) सापडले (२००५ चा शोधनिबंध), आणि ताडवर्गीय व सूचिपर्णी झाडांचेही. मग एकच चारा कशाला? तोच घास लागोपाठ दिला तर दुसऱ्यांदा ६० टक्के, तिसऱ्यांदा ३० टक्के गुण. मध्ये दुसरा चारा दिला की पुन्हा पूर्ण. खेळाडू आपोआप तीन प्रकारचा पाला गोळा करत फिरेल.

एक चोरवाट आजच बुजवा. लोक प्राण्याभोवती कुंपण घालून आरामात चारतील. घास देताना २० मीटरच्या आत चार यादृच्छिक बिंदू घ्या आणि तिथवर वाट आहे का ते नॅव्हमेशला (चालण्याजोग्या जागेचा इंजिनमधला नकाशा) विचारा. तीन बिंदू अडले तर गुण शून्य.

लामेटावाचक:
घरट्यावर बसलेली मादी मला पटत नाही. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात ९२ घरटी आणि २५६ अंडी मिळाल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. घरटी इतकी जवळजवळ आहेत की एवढ्या मोठ्या जनावराला मधून फिरायलाही जागा नाही. आई-बाप अंडी घालून निघून जात, असाच अर्थ त्यातून काढला गेला. (ही अंडी इसिसॉरसचीच, असं मात्र म्हणता येत नाही, टायटॅनोसॉरांची एवढं नक्की.)

साप मात्र ठेवाच. गुजरातच्या ढोली डुंगरीला सुमारे ३.५ मीटरचा सनाजे टायटॅनोसॉरच्या घरट्यातच, अंडी आणि पिल्लासोबत, सापडला आहे. फक्त विश्वास आईचा नको, पिल्लाचा कमवा. अंड्यातून बाहेर पडल्यावर १० मिनिटं पिल्लाला सापापासून राखलं की ते माणसामागे चालू लागतं. मोठ्या जंगली प्राण्याला चाऱ्याची लांब वाट, पिल्लाला राखणीची धोक्याची वाट. दोन्ही ठेवा.

मॉडेल करणाऱ्याला सांगा: डोंगरगावच्या सांगाड्यात कवटी नाही, मागचे पायही नाहीत. ते इतर टायटॅनोसॉरांवरून बेतावे लागतील. पुढचे पाय लांब आहेत, त्यामुळे पाठ खांद्याकडे चढती येईल. मचाणाखाली मागच्या बाजूला पाचर द्या, नाहीतर सामान घसरतंय असं दिसेल.

खटपट्या:
शेपटीचं: कॅरेक्टरची कॅप्सूल (प्राण्याभोवतीचा टक्कर तपासणारा गोळीसारखा आकार) उभीच असते, आणि हलताना टक्कर फक्त मूळ घटकाची, म्हणजे या कॅप्सूलची, तपासली जाते. शेपटीला कितीही कोलायडर (टक्कर ओळखणारे आकार) लावले तरी वळताना ते भिंतीत शिरणारच. वळण्याचा वेग सेकंदाला ३५ अंशांवर आणा. प्रत्येक वळणाआधी शेपटीच्या चार हाडांवरून ४० सेंटिमीटर त्रिज्येचे गोल त्या दिशेने स्वीप करा, म्हणजे सरकवून वाटेत काही लागतं का ते पाहा; काही लागलं तर वळण रोखा आणि प्राण्याला आधी दोन पावलं पुढे चालवा. नॅव्हमेशसाठी २५० सेंटिमीटर त्रिज्येचा वेगळा एजंट (वाट शोधताना धरलेलं प्राण्याचं माप) हवाच.

मचाणात याहून मोठा खड्डा आहे. ते पाठीच्या हाडाला जोडू नका. डेडिकेटेड सर्व्हर (फक्त खेळ चालवणारा, चित्र न दाखवणारा संगणक) मूळ सेटिंगमध्ये हाडांच्या जागा ताज्या करत नाही, त्यामुळे सर्व्हरचं मचाण एकीकडे, खेळाडूचं दुसरीकडे, आणि वर उभा असलेला माणूस थरथरतो. मचाण कॅप्सूलला जोडा आणि डोलणं फक्त क्लायंटवर, म्हणजे खेळाडूच्या संगणकावर दाखवा.

काळाकातळ:
गुणक आणि मचाण आजच बदलतो. राखणीची वाट घेतली तर पिल्लू वाढायला किती वेळ ठेवावा? खेळाडू ऑफलाइन असताना ते उपाशी मरेल ना?

घासमोजणी:
मालक ऑफलाइन असताना भूक आणि वाढ दोन्ही थांबवा. फक्त भूक थांबवलीत तर लोक पिल्लू सोडून लॉगआउट होतील आणि मोठं झाल्यावर परत येतील. वाढ प्रत्यक्ष खेळाच्या ६ तासांची ठेवा. २ तासांनी पाठीवर ओझं, ४ तासांनी स्वार, मचाण सगळ्यात शेवटी.