धोरण-संशोधन संस्थेत येणाऱ्या विद्यार्थी इंटर्नना नेमके कोणते काम द्यावे?

संशोधन समन्वयक (प्रश्न)

सार्वजनिक धोरणांवर संशोधन करणाऱ्या एका लहान ना-नफा संस्थेत मी समन्वयक आहे. विधेयके, अर्थसंकल्पातील तरतुदी आणि योजनांची अंमलबजावणी यांचा अभ्यास करून आम्ही टिपणे आणि अहवाल प्रसिद्ध करतो. सुटीच्या काळात अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, कायदा आणि संख्याशास्त्र या विषयांचे विद्यार्थी सहा ते आठ आठवड्यांसाठी आमच्याकडे इंटर्न म्हणून येतात. धोरण घडवण्यात आपला काही वाटा असेल, अशी आशा बाळगून ते येतात. प्रत्यक्षात मात्र पीडीएफमधील तक्ते एक्सेलमध्ये उतरवणे, तळटिपांची मांडणी करणे आणि बैठकांची टिपणे काढणे यांतच त्यांचा बहुतेक वेळ जातो. विषय जरा कळू लागतो तोवर मुदत संपलेली असते.

यावर आमच्यात दोन मते आहेत. विद्यार्थ्यांना स्वतंत्र लेखन करू द्यावे, त्याशिवाय ते शिकणार नाहीत, असे काही सहकाऱ्यांना वाटते. इतरांचे म्हणणे असे की आमच्या अहवालांचा आधार लोकप्रतिनिधी आणि पत्रकार घेतात, तेव्हा अननुभवी हाताने लिहिलेला मजकूर संस्थेच्या नावाने बाहेर जाऊ देणे योग्य नाही. मला दोन्ही बाजूंमध्ये तथ्य दिसते. अशा संस्थांमध्ये ज्यांनी काम केले आहे किंवा करवून घेतले आहे, त्यांनी कामाचे स्वरूप, नावाचा उल्लेख आणि मानधन या तिन्ही बाबतींत आपला अनुभव सांगावा, अशी विनंती आहे.

अहवाल संपादक

आकडे तपासण्याचे काम आपण कनिष्ठ प्रतीचे मानतो, तिथेच गोंधळाला सुरुवात होते असे मला वाटते. सार्वजनिक कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) ९० टक्क्यांपलीकडे गेले की आर्थिक वाढ एकदम खालावते, असे सुचवणारा कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा निबंध २०१० मध्ये आला आणि सरकारी खर्चात कपात करावी असे म्हणणाऱ्यांनी अनेक देशांत त्याचा आधार घेतला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील शाखेत पीएचडी करणाऱ्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एखादा प्रसिद्ध निष्कर्ष स्वतः पुन्हा काढून दाखवायचा होता. त्याने हाच निबंध निवडला, पण काही केल्या आकडे जुळेनात. लेखकांकडून मूळ एक्सेल फाइल मिळाल्यावर त्याला दिसले की सरासरीच्या सूत्रात ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क या पाच देशांच्या ओळी आलेल्याच नाहीत. शिवाय काही वर्षे वगळण्याबद्दल आणि देशांना दिलेल्या भारांकाबद्दलही (सरासरीत कोणाला किती वजन द्यायचे, याबद्दलही) त्याचे आक्षेप होते. आपल्या दोन प्राध्यापकांसह त्याने २०१३ मध्ये जे उत्तर प्रसिद्ध केले, त्यात ९० टक्क्यांहून अधिक कर्ज असलेल्या देशांचा सरासरी वाढीचा दर उणे ०.१ टक्का नसून २.२ टक्के निघाला. मूळ लेखकांनी सूत्रातील चूक मान्य केली, मात्र आपला व्यापक निष्कर्ष टिकतो असे ते म्हणत राहिले. तो वाद इथे बाजूला ठेवू. एका विद्यार्थ्याने केलेल्या पडताळणीचे मोल किती असू शकते, एवढेच मला दाखवायचे आहे.

तेव्हा प्रश्न काम कोणते, यापेक्षा ते कसे सांगितले जाते हा आहे. ‘हा तक्ता एक्सेलमध्ये उतरवून दे’ असे सांगितले तर विद्यार्थी आकडे उतरवतो आणि विसरतो. ‘आपल्या मसुद्यातील तिसऱ्या तक्त्यातला प्रत्येक आकडा मूळ दस्तऐवजातून पुन्हा निघतो का, आणि निघत नसेल तर का निघत नाही, हे लिहून दे’ असे सांगितले, की त्याच तक्त्यावर बसलेला विद्यार्थी अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन वेगळे आकडे असतात, हे पहिल्याच आठवड्यात शिकतो. तरतूद वाढली अशी बातमी असते आणि प्रत्यक्ष खर्च घटलेला असतो, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. दोन सर्वेक्षणांमध्ये ‘रोजगार’ किंवा ‘कुटुंब’ यांची व्याख्या बदललेली असते, पायाभूत वर्ष बदललेले असते, एका तक्त्यात आर्थिक वर्ष आणि दुसऱ्यात कॅलेंडर वर्ष असते, दरडोई आकडा काढताना कोणत्या वर्षाची लोकसंख्या घेतली हे कुठेच लिहिलेले नसते, टक्का आणि टक्केबिंदू (दोन टक्केवारींमधला थेट फरक) यांची सर्रास गल्लत झालेली असते. धोरण-संशोधनाचा खरा अभ्यासक्रम हाच आहे आणि तो व्याख्यानातून शिकवता येत नाही.

माझा आग्रह एवढाच, की पडताळणीचा निकाल लेखी असावा. प्रत्येक आकड्यापुढे मूळ दस्तऐवजाचे नाव, पृष्ठक्रमांक, तो पाहिल्याची तारीख आणि काढलेले गणित अशी नोंद असली, की विद्यार्थी गेल्यानंतरही त्याचे काम संस्थेच्या उपयोगी पडते.

माजी इंटर्न

संपादकांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे, पण विद्यार्थ्याच्या बाजूने एक गोष्ट त्यात यायला हवी. काम वरच्या प्रतीचे की खालच्या, यापेक्षा ते कोणी वाचते की नाही, याने इंटर्नच्या शिकण्यात जास्त फरक पडतो.

मी दोन संस्थांमध्ये इंटर्न होते. पहिल्या संस्थेत मला भारी विषय मिळाला होता आणि स्वतंत्र टिपणही लिहायला सांगितले होते. मी ते सामायिक फोल्डरमध्ये ठेवले आणि त्यावर कोणाचा एक शब्दही आला नाही. पुढे संस्थेचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातले दोन परिच्छेद आणि एक आलेख माझ्या टिपणातला होता. नाव मात्र आभाराच्या यादीतही नव्हते. नाव नसल्याचे दुःख होतेच, पण माझे कोणते विधान त्यांनी का बदलले, कोणता पुरावा त्यांना अपुरा वाटला, हे मला कधीच कळले नाही, याची खंत अधिक आहे. दुसऱ्या संस्थेत कामाचा आवाका अगदी लहान होता. एका योजनेचे शासकीय आदेश तारखेनुसार लावायचे आणि पात्रतेच्या अटी कोणत्या आदेशाने कशा बदलत गेल्या, हे सांगायचे. पण माझ्या मार्गदर्शक बाई रोज सकाळी थोडा वेळ माझ्यासोबत बसत आणि मसुद्याच्या समासात प्रश्न लिहून ठेवत: ‘हे कोणत्या आदेशात आहे?’, ‘हा तुमचा निष्कर्ष आहे की अधिकाऱ्याचे म्हणणे?’, ‘याच्या उलट पुरावा शोधला का?’ आजही लिहिताना ते प्रश्न मी स्वतःला विचारते.

म्हणून समन्वयकांना माझी सूचना अशी की, इंटर्नला विषय न देता एक प्रश्न द्यावा आणि तो मुदतीत सुटेल इतका लहान असावा. ‘शालेय पोषण आहार योजनेची परिणामकारकता’ हा विषय आठ आठवड्यांत कोणाच्याही हाती लागणार नाही. त्या योजनेसाठी मंजूर झालेला निधी कोणत्या महिन्यात वितरित झाला आणि मंजुरी व वितरण यांत किती अंतर पडले, याचे उत्तर मात्र उपलब्ध कागदपत्रांतून शोधता येते. एका मार्गदर्शकाकडे किती इंटर्न असावेत, याचे उत्तरही यातच आहे. जितक्यांचे मसुदे तो खरोखर वाचू शकेल तितकेच घ्यावेत, मग अर्ज कितीही येवोत.

नावाच्या बाबतीत नियम पहिल्या दिवशी लेखी सांगावा. संशोधनपत्रिकांमध्ये ‘क्रेडिट’ या नावाचे एक वर्गीकरण वापरले जाते. त्यात संकल्पना, विदा-व्यवस्थापन (डेटाची व्यवस्था), विश्लेषण, पडताळणी, पहिला मसुदा अशा १४ भूमिका वेगळ्या नोंदवल्या जातात. ते जसेच्या तसे घ्यावे असे नाही, पण पडताळणी कोणी केली, आलेख कोणी तयार केला, हे अहवालाच्या शेवटी दोन ओळींत लिहिण्याने संस्थेचे काहीही कमी होत नाही आणि विद्यार्थ्याला पुढच्या अर्जात दाखवायला खरा आधार मिळतो.

कामगार कायद्याचा अभ्यासक

मानधनाबद्दल अजून कोणी बोललेले नाही, म्हणून लिहितो. ना-नफा संस्थांमध्ये बिनपगारी इंटर्नशिपला कायद्याने अनेकदा मोकळीक असते, आणि प्रश्न तिथेच संपला असे मानण्याची सवय लागते. अमेरिकेच्या कामगार विभागाने २०१८ मध्ये खासगी कंपन्यांतील इंटर्नसाठी सात निकषांची कसोटी स्वीकारली. इंटर्नशिपचा मुख्य लाभ विद्यार्थ्याला होतो की मालकाला, हे तिच्यातून पाहिले जाते, आणि इंटर्नचे काम पगारी कर्मचाऱ्याला पूरक आहे की त्याची जागा घेणारे आहे, हा त्यातला एक निकष आहे. धर्मादाय ना-नफा संस्थेत मोबदल्याची अपेक्षा न ठेवता स्वेच्छेने काम करणाऱ्यांना मात्र तो विभाग सामान्यतः परवानगी देतो. फ्रान्समध्ये याउलट, दोन महिन्यांपेक्षा जास्त काळाच्या इंटर्नशिपला किमान मोबदला देणे बंधनकारक आहे.

कायदा काहीही म्हणो, धोरण-संशोधन संस्थेपुढचा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. दोन महिने बिनपगारी राहणे ज्याच्या घरच्यांना परवडते, तोच विद्यार्थी तुमच्याकडे येणार. पुढे संशोधक आणि सल्लागार म्हणून जे घेतले जातात, त्यांच्यातही याच अनुभवाला वजन असते. म्हणजे गरिबांसाठीच्या योजनांवर लिहिणाऱ्या माणसांमध्ये त्या योजनांचा लाभ घेतलेल्या घरातले कोणीच नाही, अशी अवस्था हळूहळू निर्माण होते, आणि कोणते प्रश्न विचारले जातात यावर तिचा परिणाम होतो. शिधापत्रिकेसाठी रांगेत उभे राहिलेल्या मुलीला अर्जाच्या नमुन्यातली जी अडचण लगेच दिसते, ती इतरांना कधी कधी सर्वेक्षण करूनही सापडत नाही. मोठ्या संस्थांना हे पटायलाही वेळ लागला. जागतिक आरोग्य संघटनेने इंटर्नना आर्थिक साहाय्य देणे २०२० मध्ये सुरू केले, तर अमेरिकेच्या व्हाइट हाउसने २०२२ मध्ये. निधी कमी असेल तर इंटर्नची संख्या कमी करावी, पण जे येतील त्यांना निदान राहण्या-प्रवासाचा खर्च भागेल इतके विद्यावेतन द्यावे, आणि देणगीदाराकडे प्रस्ताव पाठवताना तो खर्च उघडपणे मांडावा.

सर्वेक्षण विश्लेषक

वरील बहुतेक मते मला मान्य आहेत, परंतु पडताळणीबद्दल संपादकांनी जो विश्वास दाखवला आहे, त्याला मर्यादा हवी. हर्नडन हा प्रशिक्षित पीएचडी विद्यार्थी होता आणि त्याच्यामागे दोन प्राध्यापक उभे होते. पदवीच्या दुसऱ्या वर्षातल्या इंटर्नने ‘तपासले’ असे लिहिले, म्हणून तो तक्ता तपासलेला मानला गेला, तर संस्थेला खोटा दिलासा मिळतो. नवख्या माणसाला बेरीज चुकलेली दिसते, पण भारांक न लावता काढलेली सरासरी चुकीची आहे, हे दिसत नाही. इंटर्नच्या पडताळणीनंतर अनुभवी व्यक्तीने काही आकडे स्वतः निवडून पुन्हा काढावेत, आणि अंतिम सही तिचीच असावी.

दुसरी बाब विदेची. इंटर्नला काम द्यायचे म्हणून सर्वेक्षणाची संपूर्ण फाइल त्याच्या लॅपटॉपवर देण्याची पद्धत मी पाहिली आहे, आणि ती धोक्याची आहे. नावे काढून टाकली म्हणजे माहिती निनावी झाली, असे होत नाही. १९९० च्या दशकात एमआयटीमध्ये शिकत असलेल्या लतान्या स्वीनी यांनी मॅसॅच्युसेट्समधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘निनावी’ वैद्यकीय नोंदी मतदारयादीशी पडताळून खुद्द राज्यपालांची नोंद शोधून काढली होती. पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक ओळखता येऊ शकतात, असा त्यांचा पुढचा अंदाज होता. ज्या कुटुंबांनी विश्वासाने आपले उत्पन्न आणि आजारपण सांगितले, त्यांची माहिती इंटर्नशिप संपल्यावर कोणाच्या तरी खासगी मेलमध्ये पडून राहता कामा नये. प्रश्नाला लागतील तेवढेच रकाने द्यावेत, फाइल संस्थेच्या यंत्रणेवरच उघडावी आणि शेवटच्या दिवशी प्रवेश बंद करावा.

अधिकाऱ्यांच्या मुलाखतींना इंटर्नला एकटे पाठवू नये, हेही जोडतो. त्याला सोबत न्यावे, टिपणे काढू द्यावीत आणि परतल्यावर त्याची आणि आपली टिपणे ताडून पाहावीत. एकाच वाक्यातून दोघांनी किती वेगळे ऐकले, हे तेव्हा लक्षात येते.

संशोधन समन्वयक

सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या तुकडीत निम्मेच इंटर्न घ्यावेत, सर्वांना विद्यावेतन द्यावे आणि प्रत्येकाला एक लहान प्रश्न व एक ठरलेला मार्गदर्शक द्यावा, असा प्रस्ताव मी सहकाऱ्यांपुढे ठेवणार आहे. एक शंका उरते. इंटर्नने केलेल्या पडताळणीतून आमच्याच आधी प्रसिद्ध झालेल्या अहवालातील एखादा निष्कर्ष डळमळीत झाला, तर ती गोष्ट कशी हाताळावी? विद्यार्थी बिचकून गप्प राहील, अशी मला भीती वाटते.

अहवाल संपादक

ती भीती रास्त आहे. विद्यार्थ्याला शिफारसपत्र हवे असते आणि ते देणाऱ्याचीच चूक दाखवायची वेळ त्याच्यावर येते. म्हणून ज्याने मूळ अहवाल लिहिला, त्याला त्या अहवालाच्या पडताळणीचा मार्गदर्शक नेमू नये. विसंगतीची नोंद थेट दुसऱ्या संशोधकाकडे जावी. सर्वेक्षण विश्लेषकांनी सांगितल्याप्रमाणे अनुभवी व्यक्तीने ते गणित स्वतंत्रपणे पुन्हा करावे, आणि चूक खरी ठरली तर संकेतस्थळावरचा अहवाल गुपचूप बदलू नये. जुना आकडा, नवा आकडा, दुरुस्तीची तारीख आणि त्यामुळे निष्कर्षात पडलेला फरक एका टिपेत लिहावा, विद्यार्थ्याची संमती असेल तर चूक त्याने शोधल्याचा उल्लेख त्याच टिपेत करावा, आणि ज्या लोकप्रतिनिधींना व पत्रकारांना मूळ अहवाल पाठवला होता, त्यांना ती टीप आपणहून पाठवावी.