गाडी सकाळी सेल्फ घेत नाही: बॅटरी बदलू की अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारं यंत्र) बघू? (बजेट 2500)

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. 2015 ची छोटी पेट्रोल गाडी आहे, बॅटरी 26 महिन्यांची. पंधरा दिवस झाले, सकाळी सेल्फ मारला की रर्र करून मान टाकते. दोनदा शेजाऱ्यांनी धक्का मारला. घरच्या मल्टिमीटरवर बॅटरीचे व्होल्ट असे: रात्रभर उभी असताना 12.1, इंजिन चालू असताना 13.3, हेडलाइट आणि एसी लावला की 12.9. वडिलांना आठवड्यातून दोनदा पहाटे साडेपाचला डायलिसिसला न्यावं लागतं, म्हणून घाई आहे. विजापूर रोड किंवा सात रस्त्याकडचा खात्रीचा इलेक्ट्रिशियन सुचवा. 2500 च्या वर सध्या जमणार नाही.

होटगी_रोड_88
बॅटरी गेली. सोलापूरच्या उन्हात दोन-अडीच वर्षंच धरायची. मी गेल्या वर्षी 60 महिने वॉरंटीवाली घेतली, जुनी देऊन साडेपाच हजार. आजवर एकदाही त्रास नाही. स्वस्तातली घेऊ नका.

डबल_बेल्ट
बजेट वाचा की हो. आणि बॅटरी गेली कशावरून? इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 मिळायला पाहिजे, यांना 12.9 मिळतंय. चार्जिंगच होत नाही, तर नवी बॅटरीपण महिन्यात झोपेल. आधी अल्टरनेटर फिरवणारा फॅन बेल्ट बघा, ढिला असेल तर लोड आल्यावर घसरतो. मग डायनॅमोचे (म्हणजे अल्टरनेटरचेच) कार्बन, आत घासणारे ब्रश, आणि कट-आऊट, म्हणजे व्होल्टेज आवरणारा भाग. माझ्या गाडीचे कार्बन झिजले होते, तुळजापूरहून परतताना घाटात हेडलाइट पिवळे पडले. बायको-मुलं गाडीत होती, ती रात्र विसरणार नाही.

अक्कलकोट_नाका
सोपी टेस्ट सांगतो. गाडी चालू ठेवून बॅटरीचं एक टर्मिनल काढा. बंद पडली तर डायनॅमो खराब, चालू राहिली तर बॅटरी. 30 वर्षं असंच बघतोय.

रिटायर्ड_वर्कशॉप
कृपा करून हे करू नका. जुन्या डायनॅमोच्या गाड्यांत चालायचं, कारण त्यांत ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) नव्हता. आताच्या गाडीत बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं, ईसीएम आणि अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. तो खर्च नव्या बॅटरीच्या कितीतरी पट.

अक्कलकोट_नाका
माझी एकपण गाडी जळली नाही.

पार्क_चौक
बॅटरीच गेलीय असं माझंही मत. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर धरली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा. जुनी बॅटरी देऊ नका, घरच्या इन्व्हर्टरला लावा.

डबल_बेल्ट
गाडीची बॅटरी इन्व्हर्टरला चालत नाही. पातळ प्लेटा असतात, सेल्फला क्षणभर जोर द्यायला बनवलेल्या. रोज खाली उतरवली की लवकर मरते.

रिटायर्ड_वर्कशॉप
जुळे_सोलापूरकर, खर्च करण्याआधी अर्धा तास द्या. इंजिन चालू, हेडलाइट-एसी चालू. बाह्या वर करा, बेल्टपासून हात लांब. मीटरची लाल पिन अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टला, काळी त्याच्याच बॉडीला. मग काळी पिन इंजिनच्या उघड्या धातूला आणि लाल बॅटरीच्या मायनसला. दुसरा आकडा 0.2 च्या आसपास किंवा त्याखाली हवा. तुमची गाडी सेल्फलाही मान टाकते आणि चार्जही कमी होते. दोन्ही कामांचा करंट एकाच वाटेनं जातो, इंजिनच्या अर्थिंगमधून, म्हणजे इंजिन आणि बॅटरीच्या मायनसमधल्या जोडणीतून. मला संशय तिथेच आहे.

जुळे_सोलापूरकर
काका, आत्ताच बघून आलो. अल्टरनेटरला 14.2. इंजिन आणि बॅटरीच्या मायनसमध्ये 1.2!

रिटायर्ड_वर्कशॉप
सापडलं. अल्टरनेटर ठणठणीत आहे, बॅटरीही बहुतेक वाचेल. इंजिन चासीला (गाडीच्या सांगाड्याला) जोडणारी अर्थ पट्टी काढून बघा.

होटगी_रोड_88
तरीपण 26 महिने झालेच आहेत. बदला आणि मोकळे व्हा.

जुळे_सोलापूरकर
पट्टी आतून हिरवी पडून कुजली होती, बोल्टखाली गंज. विजापूर रोडवरच्या इलेक्ट्रिशियननं नवी जाड पट्टी टाकली, जागा घासून चकचकीत केली, मजुरीसकट 350 घेतले. आता सगळा लोड लावूनही बॅटरीवर 14.0 आहे.

रिटायर्ड_वर्कशॉप
उत्तम. आता बॅटरी बाहेर काढून रात्रभर सावकाश चार्ज करा, मग लोड टेस्ट. सेल्फ मारताना साडेनऊ व्होल्टच्या खाली गेली नाही तर अजून वर्षभर वापरा. नवी घेऊ नका.

डबल_बेल्ट
काकांशी सहमत. पैसे वाचवा.

जुळे_सोलापूरकर
काका, तुमचं म्हणणं पटलं. तरी काल संध्याकाळी नवी बॅटरी घेतली, जुनी देऊन 4200. बहिणीनं निम्मे घातले. कमी चार्जवर किती दिवस चालली होती कुणास ठाऊक. उद्या पहाटे रस्त्यावर धक्का मारायला कोणी नसेल आणि बाबा मागच्या सीटवर असतील, ते मला चालणार नाही. पट्टी मात्र तुमच्यामुळेच सापडली, नाहीतर हीपण बॅटरी गेली असती.

रिटायर्ड_वर्कशॉप
वडिलांसाठी घेतलीत, बरोबर केलंत. दर दोन महिन्यांनी ते दोन आकडे बघत जा.

पार्क_चौक
वॉरंटी किती महिने मिळाली? आणि त्या इलेक्ट्रिशियनचा नंबर मेसेज करा, माझीपण सकाळी रर्र करते.