प्रति: सुधाकरला फक्त दारूनं बुडवलं?

वर एकांनी लिहिलंय की ‘एकच प्याला’ हे नाटक म्हणजे निव्वळ दारूची शोकांतिका. मला नाही पटत. मुनसफाशी, म्हणजे न्यायाधीशाशी, भर कोर्टात खटका उडतो, नायक सुधाकरची वकिलीची सनद जाते, आणि तळीराम पेला पुढे करतो तो त्यानंतर. म्हणजे आधी झिंग चढलीय ती ‘माझा अपमान होतोच कसा’ याची. पुरुषानं पडतं घ्यायचं नाही, हे त्याला कुणी शिकवलं?

आणि त्याची बायको सिंधू! दळण दळते, मार खाते, पण मरताना नवऱ्यावर आळ येऊ देत नाही. सांगलीला भावे नाट्यमंदिरात प्रयोग बघताना माझ्या शेजारची एक आजी पदर तोंडाला लावून रडत होती, आणि मधेच पुटपुटली, “अगं, जा की माहेरी!” माझ्यासाठी अख्ख्या नाटकाची समीक्षा तेवढीच.

गंमत बघा, १९१९ साली ही आदर्श पतिव्रता रंगवली बालगंधर्वांनी, म्हणजे एका पुरुषानं. लिहिणारे राम गणेश गडकरीही पुरुषच. बायकांनी कसं सोसावं याचा नमुना पुरुषांनी लिहिला, पुरुषानं नेसून दाखवला. त्यात तळीरामाची बायको गीता तेवढी फटकळ बोलते. तिच्याबद्दल इथे अजून कुणीच काही लिहिलेलं नाही.